अंगठेबहाद्दर

अक्षरशत्रू माणसास अंगठेबहाद्दर म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु आमच्या तात्यांनी एका लोखंडी अंगठ्यापायी जी बुद्धी, जे द्रव्य आणि शेजाऱ्यांची जी झोप खर्ची घातली, ती पाहता कोशकारांनी या शब्दाचा फेरविचार करावा, अशी माझी नम्र शिफारस आहे.

असा एक तात्या प्रत्येक तालुक्यास असतोच. कर्ज काढून घेतलेला जेसीबी अंगणात (यंत्र कोणत्याही कारखान्याचे असो, आमच्याकडे ते जेसीबीच, जसे वनस्पती तूप कोणतेही असो, ते डालडाच), वेल्डिंगचे यंत्र ओसरीवर आणि "कंपनीला काय कळतंय!" हे वाक्य सदैव जिव्हाग्री.

वैगुण्य खरे होते. बकेटला दात असतात, अंगठा नसतो; त्यामुळे विहिरीतला धोंडा वा बाभळीचे खोड उचलावे तो ते अर्ध्या वाटेत निसटून बांधावर. समोरून दाबून धरणारा अंगठा बाजारात तयार मिळतो, पण तयार वस्तू विकत घेणे हा तात्यांच्या लेखी स्वाभिमानावर घाला. भंगारवाल्याशी तीन दिवस मसलत करून त्यांनी ८० मिलिमीटर व्यासाचा एक जुना सिलिंडर पैदा केला, आणि पास्कल नामक फ्रेंच पंडिताचा सतराव्या शतकातला नियम मला पारावर समजावून दिला: तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो, दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ५०, म्हणजे रेटा १० टनांचा! गणित बिनचूक होते. पिना, बुश, ग्रीसची निपलेदेखील यथासांग होती. राहिली ती एकच बाब: बकेटचा स्वतःचा सिलिंडर याहून बलवान असतो, आणि तो आवळला म्हणजे अंगठ्याच्या सिलिंडरात कोंडलेल्या तेलाचा दाब पंपाचीही मर्यादा ओलांडतो, तेव्हा त्या तेलास वाट देणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवा. तो मी भीतभीत सुचवला असता "मास्तर, तुम्ही व्याकरण बघा," असा हुकूम झाला.

उद्घाटनास नारळ फुटला, खोड पकडले गेले, पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि तात्यांनी भरात येऊन बकेट आणखी आवळली. नळी फाटली. दांडा वाकला, खोड पडले, आणि सुदैवाने कोणास इजा न होता तात्यांसह उद्घाटनाचा हार तेवढा तेलात न्हाला. नेमका त्याच घटकेस थकलेल्या हप्त्यांचा तगादा घेऊन वसुलीचा कारकून दस्तऐवजांसह अंगणात अवतरला. तात्या तोंडावरचे तेल पुसत काही सबब शोधीत होते. पण त्यांच्या मस्तकावर, वाकल्या दांड्याने ताठ अडकून राहिलेला तो लोखंडी अंगठा कारकुनास सर्व उत्तर आधीच देऊन चुकला होता.