हरकतराव

खरं नाव काहीही असू दे, प्रत्येक गावात एक हरकतराव असतोच. आमच्या गावचे हरकतराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण हात अजून वळवळतो. पूर्वी तिकिटाला भोक पाडायचे, आता समोर येईल त्या सरकारी कागदाला पाडतात.

ग्रामसभेची वेळ नोटिशीवर सकाळी 10 ची छापलेली असते. त्या वेळी चावडीपुढे तिघं हजर असतात : शिपाई, एक कुत्रं आणि हरकतराव. त्यांच्या बगलेतल्या पिशवीत पानं सुटलेला 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम, जुन्या इतिवृत्तांच्या झेरॉक्स, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं आणि बीपीच्या गोळ्या. तिकिटं अशासाठी, की माहिती अधिकाराचा अर्ज कधी सुचेल याचा नेम नाही. गोळ्या मात्र आपल्यासाठी आणलेल्या असतात, असं ग्रामसेवकांचं म्हणणं.

साडेअकराच्या सुमारास पस्तीसेक माणसं जमतात. ग्रामसेवक एका दमात सुरू करतात, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सर्वानुमते मंज..."

"हरकत आहे! कायम केलंत, वाचलंत कधी?"

मग इतिवृत्त वाचलं जातं. त्यानंतर कोरमचा मुद्दा निघतो. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा भरला पाहिजे, हे हरकतरावांना आरतीसारखं पाठ. "इथं पस्तीस आहेत. त्यातली दोन पोरं अठराच्या आतली आणि एकजण सासुरवाडीला आलेला जावई." सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हेही त्यांनीच पूर्वी वाचून दाखवलंय. त्यामुळे पुढच्या खेपेला तीच सतरंजी, तीच माणसं, आणि सभा मात्र कायदेशीर! गाव वैतागतं. "तात्या, एक दिवस फुकट घालवलात," असं कोणी म्हणालंच, तर ते तो शेरासुद्धा इतिवृत्तात नोंदवायला लावतात.

रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा करायची पद्धत त्यांनीच बंद पाडली. उपस्थितांच्या यादीत एका आजोबांची झोकदार सही होती. "यांच्या वर्षश्राद्धाला आपण सगळे जेवलो. सही कधी करून गेले?" एवढंच विचारलं त्यांनी. त्या दिवशी पुढचे तीन विषय कोणी मांडलेच नाहीत.

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या. आमच्याकडेही सरपंचताई आल्या आणि खुर्चीत त्यांचे यजमान बसले. हरकतराव शांतपणे म्हणाले, "खुर्ची ताईंची आहे, भाऊ. तुम्ही मतदार, तुमची जागा सतरंजीवर." यजमान लालबुंद झाले, ताई खुर्चीवर बसल्या. ताईंनी पहिला निर्णय कोणता घेतला? हरकतरावांची पाणीपट्टीची थकबाकी वाचून दाखवली. त्यांनी तिथल्या तिथे पैसे मोजले, आणि पावतीवर तारीख नाही म्हणून हरकत घेतली.

घरात मात्र त्यांचं काही चालत नाही. "इथं यांचा कोरम कधीच भरत नाही," काकू सांगतात.

मध्यंतरी पुण्याहून एक संशोधक मुलगी आली. लोकशाहीचा चिवटपणा, सामाजिक सलोखा, लोकसहभाग असा तिचा विषय. लोकांनी तिला हरकतरावांकडे धाडलं, कारण तेवढा वेळ बाकी कोणाकडे नव्हता.

"काका, गावातल्या लोकांवर तुमचा विश्वास किती? एक ते पाचमध्ये सांगा."

"कशाच्या बाबतीत? उसनवारीत एक. बांधाच्या बाबतीत शून्य, तो तुमच्या कागदावर नाही. मयतीला पाच. रात्री दोनला हाक मारा, गाव उठून येतं."

"एकच आकडा द्यायचा असतो, काका."

"मग रकान्यालाच हरकत आहे."

मुलीनं पेन खाली ठेवलं आणि त्यांना राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनमची गोष्ट सांगितली. इटलीत 1970 साली प्रादेशिक सरकारं आली. कायदा सगळीकडे एक, पण उत्तरेत कारभार नीट चालला आणि दक्षिणेत रखडला. जिथे गायनमंडळं, फुटबॉल क्लब, सहकारी संस्था होत्या तिथे लोकशाही रुजली, असं त्यानं 1993 च्या पुस्तकात मांडलं.

"आमच्याकडे भजनी मंडळं दोन आहेत," हरकतराव म्हणाले. "आधी एकच होतं. पेटी कोणाच्या घरी ठेवायची यावरून फुटलं."

मग त्यांनी उरुसाची हकीकत सांगितली. दर्ग्याचे मुजावर आणि हरकतराव यांचं हायमास्टच्या वीजबिलावरून वर्षानुवर्षं वाजलेलं. उरुसातल्या एका रात्री मोबाइलवर कसलासा मेसेज फिरला आणि पारावर पोरं जमली. मुजावरांनी फोन लावला तो हरकतरावांना. भांडायला आठवड्यातून दोनदा लागायचा, म्हणून नंबर पाठ होता. हरकतराव पिशवी घेऊन पारावर गेले. "मेसेज मूळ कोणाचा? तारीख कोणती? ज्यानं पाहिलं म्हणतोय त्याला पुढे आणा, जबाब लिहून घेतो. खाली सही कोण करणार?" सही म्हटल्यावर मागची रांग पांगली. जबाब सुरू झाल्यावर मधली कंटाळली. साडेबाराला पारावर हरकतराव आणि मुजावर दोघंच उरले, आणि वीजबिलाचा विषय निघाला.

मुलगी भराभर लिहू लागली. मग तिनं भिवंडीचं सांगितलं. 1984 ची दंगल भोगलेल्या त्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पुढे मोहल्ला कमिट्या उभारल्या. 1992-93 मध्ये शेजारी मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या पुस्तकात त्याची दखल घेतली. दोन समाज एका गल्लीत राहतात एवढ्यानं मोठ्या शहरात भागत नाही, एका कमिटीत बसण्याची सवय असावी लागते, असा त्या पुस्तकाचा मथितार्थ.

"त्या कमिट्यांची इतिवृत्तं मिळतील का?" हरकतरावांनी विचारलं.

गावाला ते नकोसे वाटतात, आणि वाटावेत असेच आहेत. पण लोकशाही टिकते ती भाषणं ठोकणाऱ्यांमुळे कमी आणि शेवटच्या विषयापर्यंत सतरंजी न सोडणाऱ्यांमुळे जास्त, असं माझं स्पष्ट मत झालंय. तुमच्या गावातही 2 ऑक्टोबरच्या आसपास बहुधा ग्रामसभा असते. जा, आणि तुमचे हरकतराव बोलायला उभे राहिले म्हणून उठून येऊ नका. त्यांचं म्हणणं पटलं नाही तर हरकत घ्या. त्यांनाही तेवढंच हवं असतं.