घरच्यापुरतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा. बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की कृषी केंद्रांची रांग लागते, आणि त्यातल्या एका गल्ल्यावर भाऊ बसलेले असतात. मागे भिंतभर बाटल्या, बाटल्यांवर लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण, आणि या सगळ्या विषाच्या मधोमध लक्ष्मीचा फोटो. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सकाळची उदबत्ती मात्र भाऊ दोघांनाही सारखीच ओवाळतात.

भाऊंचा लाडका शब्द 'रिझल्ट'. गिऱ्हाईक खिशातून पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, कुरतडलेलं पान काढतं. भाऊ चष्मा कपाळावर सरकवतात, पान उलटसुलट करतात, वास घेतात (वास का घेतात ते मला अजून कळलेलं नाही) आणि एक बाटली काउंटरवर ठेवतात. "हे ने. तीन दिवसांत रिझल्ट."

"पंपाले किती टाकू?"

"लेबलवर लिवलं हाये न बाप्पा."

गिऱ्हाईक जागचं हलत नाही. मग भाऊ आजूबाजूला बघून आवाज उतरवतात. "बरं, अर्धं झाकण वरतून टाक."

हे अर्धं झाकण कंपनीनं सांगितलेलं नसतं, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तर नाहीच. ते निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानाचं. भाऊंनी सांगितलं नाही तर तो शेजारच्या दुकानात जातो, आणि तिथे त्याला अख्खं झाकण मिळतं.

पण भाऊ खरे बघायचे तर त्यांच्या घरी जेवायला जावं. ताटात तुरीची दाळ, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, त्यावर हिरवागार सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. भाऊ स्वतः वाढतात आणि वाढताना म्हणतात, "खा बिनधास्त. घरच्यापुरतं आपण वेगळंच करतो."

हे 'वेगळं' म्हणजे विहिरीजवळचा अर्धा एकर. बाकीच्या वावरात उभी असलेली पऱ्हाटी दुकानातलं सगळं पिते. या तुकड्यात मात्र जीवामृत आणि दशपर्णी अर्काशिवाय थेंब पडत नाही. दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र घातलेला अर्काचा ड्रम परसात महिनाभर कुजत असतो. पाहुणे येणार असले की वहिनी भाऊंना त्या ड्रमासकट वावरात जायला सांगतात. तिथली तूर निघाली की पहिला कट्टा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून पुण्याला. "नातू खाते न ते. त्याले दुकानातलं खाऊ घालू काय?" दुकान कोणाचं, हे विचारायचं धैर्य माझ्यात नाही.

आणि हे ढोंग म्हणावं, तर तेही नाही. भाऊ नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकर गुरुजींच्या शिबिराला जाऊन आले आहेत. रसायनं सोडून शेती करणारे आपल्याच जिल्ह्यातले सुभाष शर्मा यांना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा भाऊंनी दुकानात पेढे वाटले. ज्यानं कीटकनाशकाचं बिल फाडलं त्यालाही एक. "आपल्या जिल्ह्याचं नाव झालं!" आनंद अगदी खरा होता.

2017 च्या पावसाळ्याचा विषय मात्र भाऊ फारसा काढत नाहीत. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारला की चेहऱ्यावरच यायचा. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगात साधा शर्ट, आणि मजुरीनं फवारणारा माणूस आज या वावरात तर उद्या त्या. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यांनी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती झाली. भाऊ तेव्हा रात्री उधारीची वही उघडून बसायचे आणि एकेकाला फोन लावायचे. उधारी मागायला नाही. "उपाशी पोटी जाऊ नको. वाऱ्याच्या तोंडी उभा राहू नको. डोकं दुखलं का घरी ये, काम मरू दे." तेव्हापासून ते बाटलीबरोबर मास्क आणि हातमोजे फुकट देतात. ऑक्टोबरच्या उन्हात ते कोणी घालत नाही, तरी देतात.

भाऊंना हसणारे आम्ही यवतमाळकर काय कमी आहोत? हातात कापडी पिशवी, तोंडी विषमुक्तीच्या गप्पा, आणि भाजीवालीपुढे पहिलं वाक्य, "बाई, किडकं नको देऊ." मीही एकदा भाऊंकडून घरची दाळ मागवली. भाव ऐकून आमच्याकडे शांतता पसरली. "बाजारात तर याहून स्वस्त मिळते," असं मी सांगितल्यावर भाऊ हसले. "बाजारातली माह्याच दवाईवर निघते न. स्वस्तच पडंन."

परवा एक जुनं गिऱ्हाईक उधारीची मुदत वाढवून मागायला भाऊंच्या वावरात गेलं. विहिरीजवळच्या तुरीला अळी लागलेली बघून त्याचा जीव कळवळला. "भाऊ, दुकानातून बाटली आणून देऊ काय? दोन दिवसांत साफ."

"राहू दे. घरची हाये."

"मंग हिले काय मारता?"

पाहुण्यांमुळे वावरात आलेल्या ड्रमाकडे भाऊंनी बोट केलं. त्यानं नाक दाबून झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "हे काऊन ठेवत नाही दुकानात?"

"वास पाह्यलास? आन् रिझल्टले टाइम लागते. तू थांबशीन काय?"

"घरच्यापुरतं तुरीचे दोन तास हायेत न माहे. तेवढ्याले थांबतो."

भाऊंनी पाच लिटरचा डबा भरून दिला, फुकट. त्यानं दुसरा मागितला, त्याचे पैसे वहीत मांडले.