स्टँडवाले काका

मारुंजीतल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी स्टँडवाले काका सापडतात. नोकरी शेजारी हिंजवडीत, मुलगी बारावीला आणि पाठीवरच्या सॅकमध्ये कायम वीतभर उंचीचा टेबलटॉप ट्रायपॉड. त्यावर कॅमेरा हवा तसा वळवायला छोटंसं बॉलहेड. हे लग्न काकांनी पत्रिका बघून जुळवलेलं. बॉलहेडच्या बुडाला भोक ३/८ इंचाचं, ट्रायपॉडचा स्क्रू १/४ इंची. मध्ये पितळी बुश घातला, तेव्हा कुठे छत्तीस गुण जमले.

बॉलहेडच्या खोक्यावर 'भार : ८ किलो' असं छापलेलं. काका हसतात. "तो सरळ उभा भार. लेन्स पुढे झुकवा, मग बोला!" म्हणून कॅमेरा लेन्ससकट वाण्याच्या काट्यावर तोलून आणलेला. मागे गिऱ्हाइकं कांदे घेऊन ताटकळत होती.

मोठा ट्रायपॉड कोण वागवणार, म्हणून ही जोडी घेतली. पण वीतभर उंचीवरून माणसांचे गुडघेच येतात. त्यामुळे गणपतीत आरतीनंतर ग्रुप फोटो ठरला, की कोणाच्या तरी घरातलं डायनिंग टेबल खाली येतं, टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मिक्सरचं खोकं आणि त्यावर काकांचा सुटसुटीत ट्रायपॉड. टेबल वाहणारे चौघे दर वर्षी फोटोत घामाघूम दिसतात.

तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "काका, एक उभा काढा ना." कॅमेरा बॉलहेडच्या खाचेत आडवा केला, की वजन तिन्ही पायांच्या बाहेर जातं आणि सगळं कोलमडतं. काका आरतीच्या सुरात बजावतात, "भार जिकडे, पाय तिकडे!" आणि एक पाय बरोबर कॅमेऱ्याखाली फिरवतात. त्यांचं शंभर टक्के बरोबर असतं, हीच खरी अडचण. चुकत असते तर कोणी बोललं तरी असतं.

रविवारी पहाटे कासारसाई धरणावर धुकं टिपायचं असतं. तिथे टेबल नाही, म्हणून गाडीचं बॉनेट. इंजिन बंद, टायमर दोन सेकंदांचा, एक्स्पोजर आठ सेकंदांचं. काकू आत थंडीत कुडकुडत.

"अहो, दार लावू का?"

"हलू नकोस! बॉनेट थरथरतं."

फोटो मात्र सुरेख येतात, हे मान्य करायलाच हवं.

मारुंजीत फ्लॅट घेताय? पाणी, पार्किंग, हिंजवडीचा ट्रॅफिक, सगळं विचारून घ्या. आणि डायनिंग टेबल घ्याल ते हलकं घ्या. गणपतीत ते खाली न्यावं लागेल.