गंज पुसू नका!

स्कॉटलंडात गोल्फ खेळणारे पुष्कळ. गोल्फच्या जुन्या काठ्या जमवणारा गृहस्थ मात्र मैदानाकडे पाठ करून उभा असतो. मागे चेंडू उडत असतात आणि हा चर्चच्या आवारातल्या जुन्या बाजारात छत्र्यांच्या पिंपात हात घालून चाचपत असतो. हाताला हिकरी लाकडाचा दांडा लागला की चेहरा उजळतो, पोलादी लागला की पडतो. पोलादी दांड्याला सेंट अँड्र्यूजच्या 'आर अँड ए' या गोल्फ संस्थेने 1929 साली मान्यता दिली. याच्या लेखी गोल्फ त्याच वर्षी वारला आणि सुतक अजून फिटलेलं नाही.

काठ्यांना तो नंबराने ओळखत नाही. मॅशी, निब्लिक, क्लीक, ब्रॅसी अशी लाडाने नावं घेतो. दांड्याला जवसाचं तेल चोळतो, पण लोखंडावरच्या गंजाला हात लावू देत नाही. कुणा जावयाने प्रेमापोटी पॉलिश पेपर मारून एखादी निब्लिक लखलखीत करून दिली, तर त्या जावयाचं नाताळचं आमंत्रण बंद!

दैवत म्हणाल तर ह्यू फिल्प. 1819 पासून हा सेंट अँड्र्यूजच्या गोल्फर मंडळींचा मानाचा कारागीर. त्याच्या नावाचे खोटे शिक्के मारलेल्या काठ्याही बाजारात फिरतात, म्हणून आमचा गृहस्थ प्रत्येक अक्षरावर भिंग धरतो आणि "'पी'चं पोट जरा सुटलंय," म्हणून उसासा टाकतो.

1898 साली हल शहरातल्या एका घरात, बुजवलेल्या कपाटात आठ काठ्या आणि सोबत 1741 सालचं वर्तमानपत्र सापडलं. झालं! तेव्हापासून ही जमात चहाला गेली तरी भिंती वाजवून बघते. यजमानीणबाईंना वाटतं, पाहुण्यांना घर आवडलं.

एक गोष्ट त्याला सांगू नये, ती मी सांगितली. 1848 च्या सुमारास गटापर्चाचा टणक चेंडू आला आणि लांब नाकाच्या लाकडी काठ्या त्याच्यावर आपटून फुटू लागल्या. म्हणजे मन लावून खेळणाऱ्यांच्या काठ्या चुलीत गेल्या. ज्यांना खेळ जमेना त्यांनी त्या अडगळीत टाकल्या, म्हणून तर त्या वाचल्या.

मला वाटलं, चिडेल. उलट त्याचे डोळे चमकले.

"तुम्ही कसे खेळता?"

"अजिबात येत नाही."

खुर्ची जवळ ओढत त्याने विचारलं, "घर जुनं आहे का तुमचं?"