धा की शि?

गेल्या वैशाखात बायको माहेरी होती, म्हणून लग्नपत्रिका मीच वाचली. फिक्या गुलाबी कागदावर सोनेरी अक्षरं. जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न, दुपारी १२.३५, स्थळ शिरूर. चष्मा शोधायचा कंटाळा. बीडच्या स्टँडवरून शिरूर कासारची एसटी धरली.

कार्यालयाच्या दारातला फ्लेक्सही गुलाबीवर सोनेरी. वाचल्यासारखं करून मान डोलावली. अक्षता टाकल्या, ५०१चं पाकीट दिलं, पंगतीला बसलो. दुसऱ्यांदा बुंदी घेताना फोन वाजला.

"सर, कुठं आहात? पंगत खोळंबलीय."

"अरे, मी पंगतीतच आहे!"

"कोणत्या?"

पत्रिकेत धारूर होतं. बीडच्या एका अंगाला धारूर, पार दुसऱ्या अंगाला शिरूर. शेजारच्या आजोबांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "पाहुणे, मुलीकडचे का मुलाकडचे?" म्हटलं, "एसटीकडचा."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी छाती काढूनच गेलो. भिंतीवरचा तक्ता जवळजवळ तळापर्यंत वाचला. तरी ते म्हणाले, मोतीबिंदू आहे. तो तक्ता पांढऱ्यावर काळा. भिंग गढूळ झालं की आधी हरवतात ती फिकी अक्षरं. त्यासाठी पेली-रॉब्सन नावाचा १९८८चा वेगळा तक्ता असतो. अक्षरं सगळी एकाच आकाराची, पण उतरत जावं तशी फिकी होणारी. अर्ध्यावर मी म्हणालो, "पुढं कागद कोराच आहे." कोरा नव्हता.

पुतण्या संगणकातला. त्यानं सांगितलं, वेबसाइटवरच्या बारीक अक्षरांच्या आणि मागच्या रंगाच्या उजळपणाचं प्रमाण किमान साडेचारास एक हवं, असा जागतिक दंडक आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१. आमची पत्रिका त्यानं मोजली, ती दीडच्या आसपास भरली. "काका, ही वाचायला नाही, मिरवायला छापलीय."

आता आमच्याच मुलाचं लग्न निघालंय. छापखान्यात मी ठणकावलं, पांढऱ्यावर काळं, ठसठशीत! बायको म्हणाली, "दहाव्याची छापताय का?" मुद्दा बिनतोड. आपल्याकडं चष्म्याशिवाय वाचता येणारी पत्रिका ती तेवढी एकच. शेवटी पांढऱ्यावर गडद कुंकवाच्या रंगावर तह झाला.

लग्न केजला आहे. पाकीट तिथंच द्या.