आधी म्यूट दाबून बघा

लाइव्ह सेटसाठी कुठला सीक्वेन्सर घ्यावा, असं विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एक तक्ता असतो. ट्रॅक किती, स्टेप किती, मेमरी किती. तो तक्ता फाडून टाका. रात्री दीड वाजता, अंधारात, घामेजल्या बोटांनी नाचत्या गर्दीसमोर उभं राहायचं असेल तर प्रश्न एकच: न बघता किक बंद करता येते का, आणि नेमकी समेवर परत आणता येते का? बाकीचं सगळं नंतर.

ऑर्बिटल या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोडीचे हार्टनॉल बंधू घ्या. १९९४ साली ग्लॅस्टनबरी महोत्सवात त्यांनी जो सेट वाजवला, त्याची चर्चा अजून होते. नव्वदच्या दशकात त्यांच्या लाइव्ह सेटचा कणा होता अलेसिस एमएमटी-८, म्हणजे १९८७चा एक स्वस्तातला खोका. आठ ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकला एक बटण. दाबलं की ट्रॅक वाजतो, पुन्हा दाबलं की गप्प. एवढ्यावर ते गाण्याची मांडणी मंचावर करत, गर्दी बघून लांबवत, गर्दी बघून तोडत. तमाशातला ढोलकीवाला जसा नाचणारीच्या पायांकडे बघून वाजवतो, ढोलकीकडे बघत नाही, तसं.

म्हणून ट्रॅक म्यूट करायला ज्या यंत्रात दोन मेनू उतरावे लागतात, ते घरी गाणी रचायला खुशाल घ्या, मंचावर आणू नका. आणि लॅपटॉपवर तयार ट्रॅक सोडून हात हवेत उडवणाऱ्यांना पोस्टरवर ‘लाइव्ह’ म्हणून छापणंही आता थांबवा. तिकीट काढून आलेल्यांची ती फसवणूक आहे.

माझं मत विचाराल तर पहिलं यंत्र म्हणून एलेक्ट्रॉनचा डिजिटॅक्ट. स्वीडनच्या या कंपनीने तो २०१७ साली आणला. खाली सोळा कळा. म्यूट मोडमध्ये त्याच कळा ट्रॅक उघडतात आणि मिटतात: आठ सॅम्पलचे, आठ मिडीचे, म्हणजे बाहेरच्या वाद्यांसाठी. पण त्याची खरी गंमत वेगळीच आहे. फंक्शन आणि यस एकत्र दाबून पॅटर्न तात्पुरता जतन करायचा. मग ट्रॅकची कळ धरून फिल्टरचा नॉब फिरवायचा, की सगळे ट्रॅक एकदम बदलतात. आवाज पातळ होतो, चिरकतो, पार विस्कटतो. गर्दी श्वास रोखते, आणि तुम्ही फंक्शन-नो दाबता. क्षणात सगळं जागच्या जागी. मंचावर धाडस करायचं तर मागे फिरायची वाट एका बोटावर हवी. ती नसेल तर माणूस घाबरून वाजवतो, आणि ते गर्दीला कळतं.

दोन गाण्यांच्या मधली शांतता हा दुसरा शत्रू. स्क्वार्पचा हापॅक्स हा सीक्वेन्सर एका वेळी दोन प्रोजेक्ट उघडे ठेवतो, त्यामुळे एक वाजत असताना दुसरं भरता येतं. ज्यांच्याकडे बाहेरचे सिंथ बरेच आहेत, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. मात्र तो स्वतः आवाज काढत नाही, फक्त हुकूम सोडतो.

हुकूम मिडीच्या तारेतून जातात, आणि मिडी १९८३चा आहे. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर सुरू करण्याच्या निरोपाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एकाच तारेतून दहा स्वर एकदम सोडले की दहावा आधीच्या नऊ निरोपांएवढा मागे पडतो. १३०च्या टेम्पोला एक स्टेप, म्हणजे पाव मात्रा, सुमारे ११५ मिलिसेकंदांची. रांगेत शेवटी किकच असेल तर नाचणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याच्या पायाला ते जाणवेल. तेव्हा ड्रम यंत्राच्या पोटातूनच वाजू द्या, सिंथसाठी एकापेक्षा जास्त मिडी आउट असलेलं यंत्र बघा, आणि क्लॉकचा, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका लयीत ठेवणाऱ्या ठोक्याचा, मालक एकच ठेवा.

यंत्रंही मोजकीच न्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांचा डिस्को अल्बम केला तो रोलंडच्या तीन वाद्यांवर: टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. हिंदी सिनेमासंगीतात वाजवणारा हा वादक काय करून गेला, हे जगाला कळायला पुढे जवळजवळ तीस वर्षं लागली. आज टेबलावर बारा खोके मांडून सेटभर त्यांच्या तारा शोधणारे बघितले की वाईट वाटतं. माणसाला हात दोनच आहेत.

पैसे मोजण्याआधी ओळखीच्या कुणाकडून यंत्र एका संध्याकाळपुरतं मागून आणा. दिवा घालवा आणि पाऊण तास न थांबता वाजवा. बोट कितीदा चुकीच्या कळेवर गेलं, तेवढं लक्षात ठेवा.

आणि आयोजकहो, लाइव्ह वाजवणाऱ्याला डीजेच्या कन्सोलशेजारी वीतभर जागा देऊन मोकळे होऊ नका. स्वतंत्र टेबल, स्वतःचा प्लग पॉइंट आणि साउंड चेकला अर्धा तास द्या. तो अर्धा तास कापला की क्लॉक तपासायची राहते, आणि पहिल्याच गाण्यात यंत्रं एकमेकांच्या पुढेमागे धावू लागतात.