रिकामी गाडी खरं बोलत नाही

अहो वहिनी, ते पाणी भरायचं राहू द्या दोन मिनिटं. जरा इकडं या कुंपणापाशी. कालपासून आळीत जे चाललंय ते माझ्या कानावर आलंय म्हटलं. यांनी म्हणे टेम्पो घेतला, आणि सूनबाईच चालवत घरी घेऊन आली! घेतला नाही हो, नुसता चालवून बघितला. शोरूमचा पोरगा डेमोची गाडी घेऊन मळ्यात आला होता. लोकांनी स्टिअरिंगवर सूनबाई पाहिली आणि पुढची गोष्ट आपापल्या मनानं रचली. मागं तीस क्रेट होते, ते कुणाला दिसले नाहीत.

कुठली म्हणता? ती टाटांची एस प्रो. छोटा हत्तीचं धाकटं भावंड समजा. भाऊजींना आठवत असेल, पहिला छोटा हत्ती 2005 साली आला. डिझेलवर चालायचा, दोन सिलिंडर, 16 हॉर्सपॉवर. तेव्हा लोक हसले होते की एवढ्याशा गाडीत काय माल जाणार. पुढं नारायणगावच्या टोमॅटो बाजारात रांगाच्या रांगा लागल्या त्याच्या. ही नवी 2025 च्या जूनमध्ये आली. पेट्रोलवर, 694 सीसी, सिलिंडर दोनच, पण हॉर्सपॉवर 30. आली तेव्हा किंमत 3.99 लाखांपासून सांगत होते. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, म्हणून आमच्या ह्यांच्या पुन्हा मनात भरली.

"मग काय, पळते का?" हेच विचारलंत ना? सगळे हेच विचारतात. पळते हो, रिकामी असली की काय पळते! पहिली फेरी सूनबाई आणि तो पोरगा, दोघांनीच मारली. केबिनमध्ये दोनच माणसं बसतात. पाच मिनिटांत पोरगी हसत परत आली. म्हणाली, आई, आपल्या कारपेक्षा हलकी वाटते, वळते पण झटक्यात. पोरगा लगेच म्हणाला, मॅडम, बुक करून टाका.

मी म्हटलं, थांब बाळा. मागं काय होतं गाडीत? हवा! आम्हाला हवा विकायची नाहीये बाजारात.

आणि खरं सांगू, रिकाम्या गाडीला नावं ठेवायची तरी पंचाईत. बांधाच्या रस्त्यानं आली तेव्हा मागचं टोक मोकळ्या वासरासारखं उड्या मारत होतं. आमचे हे लगेच, "स्प्रिंगा कडक आहेत, कंबर मोडेल." अहो, स्प्रिंगा कडक असणारच! त्या 750 किलोसाठी बनवल्यात, नुसत्या हौद्यासाठी नाहीत. म्हणजे रिकामी गाडी दोन्हीकडून फसवते. इंजिन आहे त्यापेक्षा जोरदार वाटतं आणि स्प्रिंगा आहेत त्यापेक्षा वाईट वाटतात.

मग बसलो हिशोबाला. पासिंग 750 किलो. आपल्या क्रेटमध्ये टोमॅटो 20 किलो, क्रेटचं वजन धरून बावीसच्या आसपास. म्हणजे 34 क्रेट झाले की गाडी भरली. 35 वा चढवला की पासिंगच्या बाहेर. हौदा दोन मीटरला किंचित कमी, साडेसहा फूट. क्रेटवर क्रेट रचत गेलं तर पन्नाससुद्धा बसतील, फसगत तिथंच होते. जागा आहे म्हणून माणूस भरत जातो. वरच्या आळीतल्यांचं माहितीये ना तुम्हाला? साडेसातशेच्या गाडीत दीड टन कांदा. पाटे दोनदा बदलले, टायर वर्षभर टिकले नाहीत, आणि वर म्हणतात गाडीच तकलादू. कायद्यानं जास्त माल भरल्याचा दंड 20,000 रुपये आहे, शिवाय जादा टनामागे 2,000. एका दंडात अठ्ठावीस खेपांची कमाई जाते. नाव मी घेणार नाही, तुम्ही ओळखलंतच.

तर आम्ही तीस क्रेट चढवले. मालही तयारच होता, बाजारला जायचाच होता. पोरगा आधी जरा कुरकुरला, मग साहेबांना फोन लावून परवानगी घेतली. मी म्हटलं, आता मी बसणार. पोरगा थोरल्याच्या मोटारसायकलवर मागून आला. साडी नेसून चढायला केबिन फार उंच नाही, हे मी आधी बघितलं. उद्या बाजारला मलाच जायचंय कधी कधी.

भरल्यावर गाडी एकदम शहाणी झाली वहिनी. तोच बांधाचा रस्ता, तेच खड्डे, पण उड्या बंद. मागं दबून, जमिनीला धरून चालली. पण कालव्याच्या चढाला आली तेव्हा तिचं खरं वय कळलं. मी मुद्दाम सूनबाईला म्हटलं, मध्येच थांबव. हॅन्डब्रेक ओढला, गाडी मागं सरकली नाही. पुन्हा पहिल्या गिअरवर उचलली, उचलली हो, कुरकुर न करता उचलली. पण दुसरा टाकायची घाई केली तर दम गेला, पुन्हा पहिल्यावर यावं लागलं. आता 30 हॉर्सपॉवरकडून आणखी काय मागायचं? चढ तिच्या चालीनं चढायचा, आपल्या घाईनं नाही. उताराला ब्रेक रिकामीपेक्षा लवकर दाबावा लागतो, हेही पोरीला दोन वळणांत कळलं. तिथंच तर शिकायचं असतं. बाजारच्या गर्दीत नाही.

उतरल्यावर मी काय केलं असेल? तळातला क्रेट ओढला. सगळ्यात खालचा, मागच्या चाकाच्या वरचा. जे दबायचं, चिरायचं ते तिथंच. एकेक टोमॅटो देठाकडून दाबून बघितला. एकाला पाणी सुटलं होतं, बाकी क्रेट टणक. व्यापारी क्रेट उपडा करून बघतो ना, तसा मीही करून बघितला. गाडीच्या कागदावर हे कुठं छापलेलं नसतं, पण आपला भाव यावरच ठरतो.

हो, थरथर आहे. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं आणि डॅशबोर्डवर चहाचा कप ठेवला, तर चहावर बारीक गोल गोल लाटा उठत होत्या. दोन सिलिंडरचं इंजिन म्हटल्यावर एवढं चालायचंच. चालू लागली की कमी होते. आमच्या ह्यांना पुण्यापर्यंत जायचं आहे, त्यांना ते जरा खटकलं. मला नाही.

"सीएनजीची का नाही बघितली?" बघितली ना. सीएनजीवाल्या गाडीला पेट्रोलची 5 लिटरची टाकी असते अडीअडचणीला, पण रात्री दोनला माल घेऊन निघायचं आणि पंपाच्या रांगेत उभं राहायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. बॅटरीवाली पण आहे, 14.4 किलोवॉट-तासाची बॅटरी, कंपनी 155 किलोमीटर सांगते. इथल्या इथं बाजारला ये-जा करणाऱ्याला छान. पण इथून पुण्याचं मार्केट यार्ड म्हणजे पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. जाऊन येऊन तिथंच संपली! भरलेल्या गाडीत तर आधीच. यार्डात चार्जिंग मिळालं तर गोष्ट वेगळी. किंमतही सुरुवातीला 6.50 लाख होती.

आता सूनबाईच्या लायसन्सचं. आळीत तोही विषय निघालाय म्हणे, कारच्या लायसन्सवर टेम्पो कसा चालवते? सांगा त्यांना, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिलाय. हलक्या वाहनाचं लायसन्स असलं की साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. ही तर त्याच्या पावभरही नाही. आणि एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलं की परमिटही लागत नाही. पिवळी पाटी मात्र लागते, आणि पहिल्या दोन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी फिटनेस, आठ वर्षांनंतर दरवर्षी.

लोक फक्त किंमत विचारतात. विमा कुणी विचारत नाही. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा 2022 च्या दरानं सोळा हजारांच्या घरात जातो, कारच्या कितीतरी पट. मग हप्ता. चार लाख कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के धरले तर महिन्याला साडेआठ हजार. एका खेपेचं भाडं आपण 700 धरू. म्हणजे बारा-तेरा खेपा फक्त हप्त्यापायी. पेट्रोल, विमा, टायर त्याच्यावर. आपला टोमॅटो चार महिने चालतो, हप्ता बारा महिने. उरलेले आठ महिने गाडी दारात उभी राहिली तर ती आपल्याला खाणार.

म्हणूनच तर तुम्हाला हाक मारली. तुमचा कांदा उन्हाळ्यात, आमचा टोमॅटो पावसाळ्यात. वरच्या मळ्यातल्या रोपवाटिकेला दर आठवड्याला रोपं पोचवायची असतात, तेही भाड्यानंच पाठवतात. या तिघांच्या खेपा एकत्र मांडल्या तर आठ महिन्यांचं भगदाड भरतं का, ते आज रात्री वहीत लिहून बघू. भरत असेल तर गाडी आमच्या नावावर, खेपा तिघांच्या, दर आधी ठरवलेला. भरत नसेल तर आहे तोच भाडेवाला बरा, त्याच्याशी आणखी शंभराची घासाघीस करू.

माझं मत विचाराल तर गाडी चांगली आहे. 750 किलोच्या आत, आपल्या तालुक्याच्या रस्त्याला, रोजच्या कामाला चांगली. रोज पुण्याला जाणाऱ्यानं किंवा टनाचा माल असणाऱ्यानं मोठी पिकअपच बघावी, उगाच हिला मारू नये.

आणि भाऊजी शोरूमला जाणार असतील तर त्यांना सांगा, रिकामी गाडी चालवून कुणीही खूश होतं. आपला माल भरा, आपल्या चढाला न्या, मध्येच थांबवून पुन्हा उचला, आणि उतरल्यावर तळातला क्रेट उघडून बघा. शोरूमवाला नाही म्हणाला तर चहा प्या आणि सही न करता घरी या.